खोट्या नावाची

ती बसते ती पोट पुढे काढूनच. साध्या गिटारीचं पोट सपाट, मध्ये एक गोल भोक आणि स्वभाव मोकळाढाकळा. कुणीही मांडीवर घ्यावी आणि गाणं सुरू करावं. ही त्या घरातली नव्हे. पोटाला बाक, पाठीला बाक, गोल भोकाऐवजी दोन्ही अंगांना व्हायोलिनला असतात तसे वळणदार चिरे. घोडीसुद्धा पोटावर चिकटवलेली नाही, नुसत्या तारांच्या दाबावर उभी. गिटारवाले हिला आर्चटॉप म्हणतात. समोर ठेवली की आपणच तिच्यासमोर उभे आहोत असं वाटायला लागतं.

हा ताठा उगीच आलेला नाही. घराण्याचा मूळ पुरुष ऑर्व्हिल गिब्सन, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या कालमझू गावात वाद्यं घडवणारा. पातळ फळी वाकवण्यापेक्षा जाड फळी कोरून तिला बाक आणायचा, ही त्याची हौस. 1902 मध्ये त्याच्या नावाची कंपनी निघाली. पुढे 1922 च्या सुमारास त्या कंपनीत लॉइड लोर यांच्या देखरेखीखाली एल-5 नावाची गिटार तयार झाली, आणि व्हायोलिनचे चिरे गिटारीच्या पोटावर आले. काळ जॅझचा. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन आणि ड्रम यांच्या गदारोळात विजेशिवाय ऐकू जाईल असं तंतुवाद्य हवं होतं. ते काम आधी बँजो करत होता, त्याला हिने उठवून लावलं. काउंट बेसीच्या वाद्यवृंदात फ्रेडी ग्रीन नावाचे गृहस्थ 1937 पासून 1987 मध्ये मरेपर्यंत अशीच गिटार घेऊन बसले. मात्रेला एक असे आघात, एकट्याने पुढे येऊन मिरवणं जवळजवळ नाहीच. पन्नास वर्षं! ठेका धरणाऱ्या माणसाची किंमत आपल्याकडच्या तबलजींना वेगळी सांगायला नको.

तर अशा घराण्यातली एक बाई तळेगाव दाभाड्यात, स्टेशन भागातल्या एका जुन्या घराच्या माळ्यावर निघाली.

तळेगाव हे तसं पाहुण्यांचं गाव. सरसेनापती दाभाड्यांचं गाव खरं, पण गेल्या शतकात पैसा फंडाच्या काचकारखान्यापासून गो. नी. दांडेकरांपर्यंत बाहेरून आलेलं बरंच काही इथे रुजलं. मग एमआयडीसी आली, मोटारींचे कारखाने आले. जनरल मोटर्सचा कारखाना 2008 मध्ये सुरू झाला आणि 2020 च्या अखेरीस त्यातून गाड्या निघायच्या थांबल्या. आता तो ह्युंदाईकडे आहे. स्टेशन भागातले कौलारू बंगले एकेक करून बिल्डरकडे जातात आणि त्यांचे माळे रिकामे होतात. अशा वेळी काय काय निघतं! तांब्याचे बंब, आजोबांच्या सर्टिफिकिटांच्या सुरळ्या, एखादी बाजाची पेटी. या घरातून ही निघाली. मला जुन्या वाद्यांची खोड आहे हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक असल्याने त्या घरातल्या काकूंनी निरोप धाडला.

काकूंचा प्रश्न सरळ होता. “अहो, ही अमेरिकन गिब्सन आहे. आमचे हे नेहमी सांगायचे. पुतण्या म्हणतो, लाखांत जाते. जाते का हो?”

गिटारीच्या डोक्यावर सोनेरी अक्षरांत तसं लिहिलेलंही होतं.

आता हे नाव आपल्याकडे जरा जपूनच वाचायचं. कोलकात्यात गिवसन नावाच्या गिटारी बनल्या आहेत. ‘ब’च्या जागी ‘व’, बाकी मामला तोच. होबनर नावाच्याही आहेत. चेष्टेचा विषय नाही हा. परदेशी वाद्यं सहज मिळत नव्हती तेव्हा देशातल्या कितीतरी मुलांची बोटं याच गिटारींवर तयार झाली. पण त्यामुळे ‘माळ्यावर गिब्सन सापडली’ असा फोन आला की जाणता माणूस आधी स्पेलिंग विचारतो. या बाईचं स्पेलिंग बरोबर होतं. तिथेच मला पहिली शंका आली, कारण गिब्सनच्या चांगल्या आर्चटॉपवर हे नाव शिंपल्याचं, लाकडात बसवलेलं असतं. हे रंगाने काढलेलं होतं. हात सुबक, पण रंगच.

काकूंचे जावईबापू चाकणला एका कारखान्यात क्वालिटीत आहेत. ते म्हणाले, “डोळ्यांनी काय बघता? रविवारी मी सामान आणतो.” आणि खरंच, ज्या हत्यारांनी चाकणमध्ये इंजिनाचे सुटे भाग पास-नापास होतात त्याच हत्यारांनी तळेगावच्या दिवाणखान्यात या बाईची तपासणी झाली. परदेशातले जुन्या गिटारींचे व्यापारी वेगळं काही वापरत नाहीत. तळेगाव-चाकणचा हा पट्टाच मुळी खऱ्या-खोट्याची पारख करण्यावर जगतो. फक्त वाद्यं तपासायला इथे कुणी सांगत नाही एवढंच.

पहिला मान चिऱ्याच्या कडेचा. चिरा म्हणजे लाकडाचा उघडा छेद, तिथे थापा चालत नाहीत. स्वस्त आर्चटॉप प्लायवूडची असते, साच्यात दाबून बाक आणलेली. तिच्या चिऱ्याच्या कडेला खाजाच्या पापुद्र्यांसारखे थर दिसतात. अख्ख्या फळीतून कोरलेली असेल तर वरच्या रेषा कडेवरून सरळ खाली उतरतात. इथे रेषा उतरत होत्या. जावईबापूंनी भिंग डोळ्यावरून काढलं आणि “सॉलिड” असं एकच म्हणाले. त्यांच्या खात्यात कौतुक एका शब्दाच्या वर जात नसावं.

म्हणजे बाई खानदानी. पण कुठल्या खानदानाची?

मग बोरोस्कोप आत गेला. ओतीव भागांच्या पोकळ्यांत बघायची ही लवचीक नळी, टोकाला दाण्याएवढा कॅमेरा. कित्येक वर्षांचा काळोख मोबाइलच्या पडद्यावर उजळला. पोटाखाली लांबीच्या दिशेने जाणाऱ्या दोन लाकडी पट्ट्या, जुन्या आर्चटॉपचा कणा. एका बाजूला उभी चीर गेलेली, तिला आतून छोट्या लाकडी चकत्या लावून सांधलेलं. ज्याने सांधली त्याचा हात बसलेला होता. चकत्यांच्या कडासुद्धा उतरत्या घासलेल्या, कुणाला कधी दिसणार नाहीत अशा जागी. लेबल मात्र नव्हतं. पाठीच्या आत डिंकाचा पिवळट चौकोन उरलेला.

लेबल म्हणजे या व्यवहारातला जन्मदाखला. लोर यांनी 1922 ते 1924 या काळात स्वतः तपासून तारीख घालून सही केलेल्या वाद्यांची लेबलं आज वाद्याइतकीच मोलाची समजली जातात. युद्धानंतरच्या गिब्सन आर्चटॉपवर 1947 पासून 1961 पर्यंत ‘ए’ने सुरू होणारे नंबर असतात, त्यावरून साल काढता येतं. न्यूयॉर्कचे जॉन डी’अँजेलिको तर आपल्या गिटारी वहीत नोंदवत. 1164 गिटारी, प्रत्येकीचा क्रमांक. तोतया कितीही हुबेहूब असला तरी वहीत त्याचं नाव कसं असणार? चाकणच्या भाषेत याला ट्रेसेबिलिटी म्हणतात. भागावर बॅच नंबर नसेल तर भाग कितीही देखणा असो, लाल क्रेटमध्ये जातो. जावईबापूंनी त्या पिवळ्या चौकोनाकडे पाहिलं ते त्याच नजरेने.

मी त्यांना म्हटलं, नंबर नाही, पण सवयी आहेत. कारखान्याच्या सवयी लपत नाहीत. मानेच्या टोकाला जिथे तारा टेकतात त्या पट्टीच्या लगेच पुढे हिला एक जादा पडदा होता. याला शून्य पडदा म्हणतात. तारा पट्टीवर नव्हे तर या पडद्यावर टेकतात, म्हणजे मोकळी तार आणि दाबलेली तार यांचा आवाज एकसारखा येतो. ही जर्मन कारागिरांची आवडती रीत. कालमझूच्या त्या काळच्या आर्चटॉपना असा पडदा नसतो. मानही एका लाकडाची नव्हती. मेपलच्या पट्ट्यांमध्ये काळसर पट्टी घालून जोडलेली, हेही त्याच बाजूचं. बाईंचं माहेर जर्मन निघालं.

या माहेराची गोष्ट अमेरिकन घराण्यापेक्षा मला जास्त जवळची वाटते. आज चेक देशात लुबी नावाने असलेलं शोनबाख हे वाद्यं बनवणाऱ्यांचं गाव. कार्ल हॉफनर यांनी 1887 मध्ये तिथेच धंदा सुरू केला. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या जर्मन लोकांना घरदार सोडावं लागलं. त्यांतले बरेच वाद्यकारागीर बव्हेरियातल्या बुबेनरॉइट या लहानशा खेड्यात येऊन वसले आणि तिथे पुन्हा वाद्यं घडायला लागली. पन्नाशीच्या दशकात त्यांच्या आर्चटॉप गिटारी इंग्लंडमार्गे जगभर गेल्या. जॉर्ज हॅरिसनच्या पोरवयातल्या गिटारींत हॉफनर प्रेसिडेंट होती. पॉल मॅकार्टनीचा व्हायोलिनच्या आकाराचा बेसही याच घरचा. तो 1972 मध्ये लंडनमध्ये एका गाडीतून चोरीला गेला होता. पुढे इंग्लंडमधल्या एका घराच्या माळ्यावर सापडला आणि हॉफनर कंपनीने खात्री केल्यावर 2024 मध्ये ही बातमी जगाला कळली. माळे काय आपल्याकडेच असतात असं नाही.

आपली बाई नेमकी हॉफनरचीच, असं मी म्हणणार नाही. त्या परिसरात बनवणारे अनेक होते आणि परकी नावं लावून विकण्याचीही पद्धत होती. जर्मन, युद्धानंतरची, अख्ख्या लाकडातून कोरलेली, इथवर पुरावा जातो. पुढे गेलो तर मीच रंगाने नाव काढायला बसलो असं होईल.

आता त्या नावाचं. जावईबापूंनी खिडक्या बंद करायला लावल्या आणि जांभळा दिवा काढला. घडीव भागातल्या चिरा शोधायला लोहकणांचा द्रव ओतून हा दिवा मारतात, म्हणजे चीर हिरवी चमकते. जुन्या गिटारींचं लॅकर नायट्रोसेल्युलोजचं; वय झालं की तेही या उजेडात हिरवट-पिवळं दिसतं, आणि मागाहून लावलेला हात त्यात वेगळा पडतो. पोट उजळलं, पाठ उजळली, मान उजळली. डोकं मात्र काळं राहिलं. नावाच्या भोवती चांगला तळहाताएवढा पट्टा नव्याने रंगवलेला.

“म्हणजे फसवलं का ह्यांना कुणी?” काकूंनी विचारलं.

त्यांनी उठून कपाटातून एक फोटो आणला. मागे शाईने साल घातलेलं, 1966. काकूंचे यजमान पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये होते. कंपनीच्या वसाहतीतल्या गणपतीत ते हवाईयन गिटार वाजवत. फोटोत मांडव आहे, मागे मखर आहे आणि मांडीवर ही बाई पोट वर करून आडवी पडलेली आहे. डोकं स्पष्ट दिसतं. त्यावर कुठलंच नाव नाही.

काकूंनी फोटो बराच वेळ हातात धरला आणि मग त्यांना हसू आलं. “हे त्यांचंच काम. अक्षर बघा, कंपनीच्या नाटकाचे बोर्ड तेच रंगवायचे.”

झालं! ज्या फोटोने बाईची किंमत लाखांवरून हजारांवर आणली त्याच फोटोने तिला जन्मदाखला नसला तरी रहिवासाचा दाखला मिळवून दिला. 1966 मध्ये ती पिंपरीत होती, हे आता सहीशिक्क्यासारखं पक्कं.

त्याच्याही आधीचं आयुष्य तिच्या पडद्यांवर कोरलेलं होतं. पहिल्या चार-पाच पडद्यांवर तारांखाली खोल खाचा पडलेल्या. हवाईयन पद्धतीत गिटार मांडीवर आडवी, तारा उंच उचललेल्या आणि वरून पोलादी कांडी फिरवायची. पडद्यांना स्पर्शही होत नाही. म्हणजे या खाचा काकूंच्या यजमानांच्या नव्हेत. त्यांच्याआधी कुणीतरी या गिटारीवर डाव्या हाताने घट्ट सूरगट्टे धरून वर्षानुवर्षं ठेका वाजवला होता. घरातली आठवण अशी, की ती मुंबईच्या एका हॉटेलातल्या वादकाकडून घेतली. कागद नाही. पण आठवण आणि खाचा एकाच दिशेला बोट दाखवतात, आणि मुंबईचा इतिहास त्यांच्या आड येत नाही. लिऑन ॲबी यांचा जॅझचा ताफा 1935 मध्ये ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. त्यानंतर गोव्याच्या वादकांनी हे संगीत मुंबईत आपलं करून टाकलं. 1949 च्या दारूबंदीच्या कायद्याने हॉटेलातल्या रात्री सुन्या केल्या आणि पुष्कळसे वादक सिनेमाच्या स्टुडिओंत शिरले. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांच्या चालींत जो जॅझ वाजतो, त्यामागे त्यांचे सहायक चिक चॉकलेट, म्हणजे गोव्याचे आंतोनियो शावियेर वाझ, यांचा हात होता. ही बाई त्या गर्दीत कुठे बसली होती ते सांगता येत नाही. रिकामी बसली नव्हती, एवढं पडदे सांगतात.

दुसऱ्या संसारात तिने रूपच पालटलं. तारा उचलायला मानेच्या टोकाला लोखंडी पट्टी चढवली, तिचे व्रण राहिले. बाजूला एक जादा भोक पाडून सातवी खुंटी बसवली, चिकारीसारखी षड्जाची तार धरायला. घोडी घासून बदलली. सेल्युलॉइडची संरक्षक पट्टी केव्हाच गेली, स्क्रूंची भोकं उरली. ती गेली ते बरंच; जुनं सेल्युलॉइड कुजायला लागलं की त्याच्या वाफा शेजारचं लोखंड-पितळ खाऊन टाकतात.

बाजाराच्या हिशेबात यातली प्रत्येक गोष्ट वजाबाकीची. व्यापाऱ्यांचा ठोकताळा असा, की मूळ लॅकर काढून पुन्हा रंगवली तर किंमत साधारण निम्म्यावर येते. जादा भोकं, बदललेल्या खुंट्या, गेलेलं लेबल यांचं वेगळं. गिब्सनची सुपर 400 ही 1934 मध्ये आली तेव्हा चारशे डॉलरची होती, नावातच किंमत. आज जुनी, अस्पर्श सुपर 400 लाखांत मोजतात. ‘अस्पर्श’ हा या बाजाराचा लाडका गुण. वाद्य पेटीत झोपून राहिलं तर त्याला भाव, आणि कुणी जन्मभर वाजवलं तर घसारा!

मला हा हिशेब आपल्या देशापुरता तरी अपुरा वाटतो. ब्रिजभूषण काब्रा यांच्याकडे सुपर 400 होती. त्यांनी काय केलं? तिच्या तारा उंच केल्या, तिला सुरासाठी जादा तार बसवली, मांडीवर आडवी घेतली आणि अली अकबर खाँसाहेबांकडची तालीम तिच्यातून काढली. 1967 ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही तबकडी आपल्याकडे घरोघरी वाजली. तीत शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, माणिकराव पोपटकरांचा तबला आणि काब्रांची गिटार आहे. कालमझूच्या दृष्टीने ते वाद्य बिघडवलेलं. पुढे विश्वमोहन भट्टांनी याच घाटाच्या गिटारीला तरफेच्या तारा चढवून मोहनवीणा केली आणि 1994 मध्ये ग्रॅमी मिळवलं. पाश्चात्त्य देशांत गिटारीत वीज आल्यावर, 1936 मध्ये गिब्सनचीच विजेवरची ईएस-150 आल्यावर, या कोरीव बायांचं काम कमी कमी होत गेलं. आपल्याकडे त्यांना मींड काढण्याचं नवं काम मिळालं. मग सातव्या खुंटीचं भोक ही मोडतोड की नोंद? माझ्या मते नोंद. कारखान्याने दिलेला खरेपणा एक आणि वाजवणाऱ्याने घातलेला दुसरा. बाजाराला पहिलाच मोजता येतो, म्हणून दुसरा नसतो असं नाही.

पुतण्याने शेवटचा प्रयत्न केला. “डोकं घासून नाव काढू, भोक बुजवू, नवं पॉलिश मारू. मग?”

मग सगळंच जाईल, असं मी सांगितलं. लॅकर गेलं की वय गेलं, भोक बुजलं की पिंपरी गेली. ते खोटं नावसुद्धा राहू द्यावं. विकताना ते खरं म्हणून सांगितलं तर लबाडी, पण ‘मालकाने स्वतः 1966 नंतर रंगवलं’ असं सांगितलं तर तोही तिच्या कागदपत्रांचाच एक भाग. माझा निकाल काकूंना असा दिला: जर्मन आर्चटॉप, पन्नाशीच्या दशकातली असावी, कोरीव, दुरुस्त केलेली, हवाईयन वादनासाठी बदललेली, किंमत गिब्सनच्या पासंगालाही नाही, पण फेकून देण्याची नाही आणि सपाट पोटाच्या नव्या कोऱ्या गिटारीशी बदलण्याची तर मुळीच नाही. काकूंनी ती विकली नाही. जावईबापूंनी सगळ्या मापांचा एक तक्ता केला, खाली सही-तारीख घातली आणि फोटोच्या प्रतीबरोबर पेटीत ठेवला. त्यांच्या खात्यात आता ती पास आहे.

वाचकहो, जुनी घरं रिकामी होण्याचे हे दिवस आहेत. तुमच्या माळ्यावर अशी पोटावर बाक असलेली कुणी निघाली तर ओल्या फडक्याने पुसू नका, पॉलिशवाल्याकडे धाडू नका. सगळ्या तारा एकदम काढू नका, नाहीतर घोडी जागची हलेल आणि तिची मूळ जागा हरवेल; तारा थोड्या उतरवून ठेवा, पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवा. शंभर वर्षांची निघाली तर देशाबाहेर पाठवण्याआधी पुरावशेषांचा 1972 चा कायदा विचारून घ्या. आणि ती कुणी घेतली, कुणाकडून घेतली, कुठल्या गणपतीत वाजली हे सांगणारं माणूस घरात अजून असेल, तर आजच विचारून वहीत लिहून ठेवा.